कान झाकून कान बरे होत नाहीत

कानाच्या दुखण्यानं पुन्हा उचल खाल्ली की आखातातल्या मराठी माणसाला एकच सल्ला मिळतो, आणि तो चारही बाजूंनी मिळतो. सुट्टी टाक, गावी जा, महिनाभर शांत राहा. ऑफिसातला सहकारी हेच सांगतो, फोनवरून आई हेच सांगते, शेजारच्या वहिनी कुठल्याशा मावसदिरांचा दाखला देऊन हेच सांगतात. तिकीट मिळेपर्यंत काय करायचं? कानात बोळे घाल, दारं-खिडक्या लावून घे, पोरांना दटाव. यामागचा तर्क वरकरणी बिनतोड आहे. आवाजानं कान दुखावले, तेव्हा आवाज तोडला की कान आपोआप सुधारतील.

सल्ला मायेपोटी दिला जातो, याबद्दल वाद नाही. नुसता निरुपयोगी असता तर मीही मान डोलावून गप्प बसलो असतो. पण तो दुखणं वाढवतो. धडधाकट माणसाला तो घरकोंबडा करतो आणि वर त्याची अशी समजूत करून देतो की आपण कानांची काळजी घेतोय. मी कतारमधल्या लुसैलमध्ये राहतो आणि माझेही कान वाजतात. त्यामुळे या सल्ल्याला एकदा चार लोकांत उत्तर द्यायला हवं, असं मला वाटतं.

आधी दुखण्याबद्दल. बाहेर कुठेही नसलेला आवाज कानात किंवा डोक्यात ऐकू येणं म्हणजे टिनिटस. कुणाला शिट्टी ऐकू येते, कुणाला रातकिडे, कुणाला वाफ सुटल्यासारखा फुसफुसाट. २०२२ साली ‘जामा न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या आढाव्यानं हिशेब मांडला की जगातल्या सुमारे १४ टक्के प्रौढांना हा अनुभव येतो. म्हणजे ७४ कोटींहून अधिक माणसं. त्यातल्या सुमारे १२ कोटी लोकांना त्याचा तीव्र त्रास होतो. याच्या जोडीला पुष्कळांना हायपरअक्युसिस असतो. ताटात पडलेला चमचा, लिफ्टची घंटी, लहान मुलाची किंकाळी असे इतरांच्या लक्षातही न येणारे आवाज त्यांच्या अंगावर येतात. दोन्ही दुखण्यांना चढउतार आहेत. महिनोन् महिने बरं चालतं आणि मग एखादं जागरण, सर्दी, ऑफिसातली ओढाताण, विमानप्रवास किंवा लग्नाच्या हॉलमधली एक रात्र निमित्त होते. काही वेळा निमित्तही सापडत नाही. माणूस धसकतो तो याच उचलीला. पहिल्या वेळी निदान माहीत नव्हतं, असं तरी म्हणता येतं. दुसऱ्या वेळी वाटतं, इतके दिवस केलं ते सगळं पाण्यात गेलं.

लुसैल हे शहर तर या वादासाठी मुद्दाम बांधल्यासारखं आहे. दोहाच्या उत्तरेला, समुद्राच्या कडेनं, वाळूवर आखून उभं केलेलं. इथल्या स्टेडियममध्ये १८ डिसेंबर २०२२ रोजी, कतारच्या राष्ट्रीय दिनी, फुटबॉल विश्वचषकाचा अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना झाला तेव्हा ८८,९६६ माणसं ओरडत होती. इथल्या सर्किटवर २००४ पासून मोटोजीपीच्या मोटारसायकली पळतात आणि २०२१ पासून फॉर्म्युला वनच्या गाड्याही येतात. थंडी सुरू झाली की बुलेव्हार्डवर संध्याकाळी हौशी पोरं सायलेन्सर गरजवत गाड्या फिरवतात. टॉवरांची बांधकामं आहेतच. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण त्यामुळे उन्हाळ्यात अवजड काम पहाटेकडे आणि रात्रीकडे सरकतं.

हे झालं बाहेरचं. आत याच्या बरोबर उलट. काचा दुहेरी, खिडक्या घट्ट. थंड पाणी शहराच्या मध्यवर्ती यंत्रणेतून येतं, त्यामुळे खिडकीबाहेर घरघरणारे कॉम्प्रेसर नाहीत. डिसेंबरात खोलीतला ब्लोअर बंद केला की अशी शांतता पसरते जी दादरच्या चाळीत किंवा सांगलीच्या गल्लीत जन्मात वाट्याला आली नसती. तिथे पंखा असतो, शेजारचा टीव्ही असतो, मोरीत थेंब थेंब गळणारा नळ असतो, कोपऱ्यावरचं कुत्रं असतं. मोठाही नाही आणि शून्यही नाही असा एक मधला आवाज चोवीस तास सोबतीला असतो. लुसैलच्या फ्लॅटमध्ये नेमका तोच नाही. माणूस एकतर गोंगाटात असतो किंवा निःशब्द खोलीत, आणि निःशब्द खोलीत त्याला ऐकायला उरतो तो फक्त स्वतःचा कान. अशा माणसाला आणखी शांत बस म्हणून सांगणं म्हणजे काय, याचा सल्ला देणाऱ्यांनी क्षणभर विचार करावा.

शांतता काय करते, हे मी एका घरात जवळून पाहिलं आहे. गृहस्थांचं दुखणं उलटलं आणि घरानं कंबर कसली. स्टीलची ताटं माळ्यावर गेली, मेलामाइनची आली. कुकर बंद झाला आणि भात उघड्या पातेल्यात शिजू लागला. भांडी वाजू नयेत म्हणून सिंकमध्ये टॉवेल अंथरला गेला. दारांच्या चौकटींना फोमच्या पट्ट्या लागल्या. मोठ्यानं पाढे म्हणणारी मुलगी ओठ हलवत पाढे म्हणू लागली. गृहस्थ दिवसभर कानात फोमचे बोळे घालून बसत. सगळ्यांनी जिवापाड केलं. थोड्याच दिवसांत त्या गृहस्थांना फ्रिजची घरघर सोसेना. त्यावर घरच्यांचा निष्कर्ष काय? शांतता अजून कमी पडतेय, फ्रिज बदलू या.

तो निष्कर्ष चूक कसा, हे सांगणारे प्रयोग झालेले आहेत आणि ते समजायला डॉक्टर असावं लागत नाही. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी ८० निरोगी, कानाची कसलीही तक्रार नसलेल्या माणसांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. काही मिनिटांत ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं: गुणगुण, शिट्टी, घंटा. बाहेर आल्यावर ते पुन्हा निरोगीच होते. २०१२ साली ब्रिटनमध्ये १८ निरोगी स्वयंसेवकांनी आठवडाभर एका कानात बोळा घातला. त्यांपैकी १४ जणांना नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, आणि बोळा काढल्यावर ते गेले. त्याआधी २००३ साली अमेरिकेत फॉर्मबी आणि सहकाऱ्यांनी काही जणांना दोन आठवडे कानात बोळे वापरायला दिले आणि काहींना मंद सळसळ सोडणारी यंत्रं दिली. बोळेवाल्यांना तेच आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले, सळसळवाल्यांना आधीपेक्षा लहान. निरोगी कानांची ही गत, तर आधीच हळवे झालेले कान महिनाभर बंद ठेवले तर काय होईल?

कारण उघड आहे. कानाकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू आपल्या बाजूनं आवाज वाढवून घेतो. दुपारी पडदे ओढून अंधारात झोपलेला माणूस एकदम लुसैलच्या उन्हात आला तर डोळ्यांवर हात धरतो. ऊन तेवढंच असतं, डोळे अंधाराला सरावलेले असतात. कानांचंही तेच. फरक एवढाच की डोळे मिनिटभरात सावरतात आणि महिनाभर झाकलेल्या कानांना सावरायला वेळ लागतो. मधल्या काळात बोळा काढला की सगळं असह्य वाटतं. त्यातून माणूस ठरवतो की बोळ्याशिवाय आपलं चालणार नाही. ज्यानं दुखणं पोसलं त्याचाच आधार वाटू लागतो.

यावर हमखास येणारं उत्तर मला पाठ आहे. आमचे अमुक गावी गेले आणि महिन्यात बरे झाले, हे कसं? झाले असतील. पण ते गावी कधी गेले? दुखणं अगदी शिगेला पोहोचलं तेव्हा. चढउताराचं दुखणं शिगेला पोहोचल्यावर उतरणारच, तुम्ही कोकणात असा नाहीतर कतारमध्ये. त्या उताराचं श्रेय मात्र त्या दिवसांत जे काही चालू असेल त्याच्या पदरात पडतं: गावाला, कानात घातलेल्या कोमट तेलाला, गंडेदोऱ्याला, हजारो रुपयांच्या कॅप्सुलांना. जिन्को या वनस्पतीच्या गोळ्यांचा खप याच हिशेबावर चालतो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत टिनिटससाठी जिन्को, झिंक, मेलाटोनिन वगैरे देऊ नका असं स्वच्छ लिहिलं आहे. पडद्याला भोक आहे की नाही हे न तपासता कानात तेल ओतणं तर सरळ धोक्याचं. बरं वाटलं म्हणून उपाय खरा, हा न्याय लावायचा तर प्रत्येक उपाय खराच ठरेल.

आणि हे ‘गाव’ तरी कुठलं? सल्ला देणाऱ्यांच्या मनात कौलारू घर, परसातली विहीर आणि कोकिळा असते. प्रत्यक्षात सुट्टीवर जाणारा माणूस लग्नसराईत, गणपतीत किंवा नवरात्रात जातो. केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागासाठी त्यांत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं याच विषयावर सविस्तर निकाल दिला. तरीही वरातीतला डीजे खिडक्यांच्या काचा थरथरवतोच आणि मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती वर्षागणिक उंच होतात. लुसैलच्या बुलेव्हार्डपासून पळून त्या भिंतीसमोर उभं राहण्यात कसली विश्रांती आहे?

शिवाय या सल्ल्याची किंमत कोण मोजतो, हेही पाहायला हवं. इथला मुक्काम नोकरीशी बांधलेला आहे. वर्षाची रजा एका उचलीत संपली तर पुढच्या उचलीला काय? नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या डोक्यावर गृहकर्जाचा हप्ता आणि मुलांच्या शाळेची चिंता येऊन बसते, झोप उडते आणि कान आणखी वाजतात. साइटवर काम करणाऱ्या कामगाराला तर हा सल्ला लागूच पडत नाही. त्याला फ्लॅटही नाही आणि पगारी महिनाभर गावही नाही. जो उपाय फक्त सुखवस्तू माणसाला परवडतो आणि त्यालाही बाधतो, त्याची एवढी भलामण कशासाठी?

आता मूळ मुद्दा: उचल म्हणजे शून्यावर येणं, ही समजूत. सल्ल्याचं सगळं बळ या समजुतीत आहे. सगळं वाया गेलं असं ज्याला वाटतं, तोच सगळं सोडून गावी जायला तयार होतो.

पावेल यास्त्रेबॉफ या पोलिश वंशाच्या शास्त्रज्ञानं १९९० साली मांडलं की टिनिटसचा त्रास मुख्यतः आवाजाच्या मोठेपणात नसतो. मेंदूनं त्या आवाजाला धोक्याची खूण ठरवलेलं असतं. छाती धडधडते, झोप उडते, लक्ष तिथेच खिळतं. म्हणजे ही एक जडलेली प्रतिक्षिप्त क्रिया. अशा क्रियांचा पहिला मोठा अभ्यास पाव्हलॉव्हनं कुत्र्यांवर केला. ठरावीक खूण मिळाली की लाळ सुटायची. मग खुणेनंतर अन्न देणं थांबवलं आणि हळूहळू लाळ सुटणंही थांबलं. पण थोडी विश्रांती देऊन पुन्हा खूण दिली तर लाळ परत सुटायची. जुनी सवय आपणहून डोकं वर काढायची, मात्र पहिल्यापेक्षा दुबळी, आणि पुन्हा शमायची ती पहिल्यापेक्षा लवकर. विझलेली भीती अधूनमधून परत येणं हा शिकणाऱ्या मेंदूचा स्वभाव आहे. ती परत आली म्हणून मधलं शिकणं पुसलं जात नाही. टिनिटसमधल्या सगळ्याच गोष्टी या एका सिद्धान्तानं उलगडत नाहीत, पण उचलीचं इतकं सरळ स्पष्टीकरण मला तरी दुसरं सापडलेलं नाही.

म्हणून उचल मोजायची ती कालच्या चांगल्या दिवसाशी तुलना करून नाही, मागच्या उचलीशी करून. त्या वेळी सावरायला किती लागलं होतं? या वेळी किती? त्या वेळी कोणकोणती कामं सोडली होती, या वेळी कोणती चालू राहिली? आवाज तेवढाच मोठा असेल, पण माणूस या खेपेला ऑफिसला गेला असेल, तर तो शून्यावर आलेला नाही. घरच्यांनी विचारायचंच असेल तर हे विचारावं. ‘आज किती वाजतंय?’ असं दर दोन तासांनी विचारणं म्हणजे भरत आलेल्या जखमेची खपली काढून पाहणं.

‘गावी जा’ या सल्ल्याच्या अगदी विरुद्ध टोकाला दुसरा एक सल्ला उभा असतो, आणि त्याची गय करायचंही कारण नाही. ‘सगळे मनाचे खेळ आहेत, दुर्लक्ष कर.’ काही दवाखान्यांत हेच जरा सुधारून सांगतात: ‘यावर इलाज नाही, सवय करून घ्या’, आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात. टिनिटस पूर्ण घालवणारं, अमेरिकेच्या औषध नियामकानं मान्य केलेलं एकही औषध आज नाही, हे खरं. त्यावरून इलाजच नाही असं ठरत नाही. कॉक्रेन संस्थेनं २०२० साली २८ अभ्यास आणि २,७३३ रुग्णांची माहिती तपासून निष्कर्ष काढला की कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणूक यांवर शिस्तीत काम करणारी उपचारपद्धती, टिनिटसचा आयुष्यावरचा जाच कमी करते. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या नेदरलँड्सच्या चाचणीत ४९२ रुग्ण होते. त्यात याच धर्तीचे टप्प्याटप्प्यानं दिलेले उपचार नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले. आवाज न सोसणाऱ्यांवर स्वीडनमध्ये २०१४ साली ६० जणांची छोटी चाचणी झाली, तिचाही कल तसाच. सवय होते ती अशी, कुणीतरी हात धरून शिकवल्यावर. ‘दुर्लक्ष कर’ म्हटल्यानं दुर्लक्ष होत असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. काही रुग्णांना आवाजानं नुसता वैताग येत नाही, कानात खरंखुरं दुखतं: भोसकल्यासारखं, जळल्यासारखं, आणि आवाज थांबल्यावरही काही दिवस ठणकत राहतं. २०१५ साली प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांतून असं पुढे आलं की आतल्या कानातले काही मज्जातंतू बहुधा वेदनेचं काम करतात. अशा माणसाला ‘आवाजात राहा, सरावेल’ असं सांगून गर्दीत ढकलणं क्रूरपणा आहे. त्याची पायरी फार लहान असते, तिथे जाणकार ऑडिओलॉजिस्टशिवाय पाऊल टाकू नये आणि ठणका लागला की मागे यावं. हे मी पूर्ण मान्य करतो. पण त्यानंही मूळ सल्ला खरा ठरत नाही. लहान पायरी वेगळी आणि पायरीच नसणं वेगळं.

खऱ्या मोठ्या आवाजापासून कान वाचवायलाच हवेत, याबद्दलही दुमत नाही. कामाच्या जागेसाठी अमेरिकेच्या निऑश या संस्थेचा दंडक असा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. सर्किटवर शर्यत पाहायला जाल तर कानात बोळे हवेतच, तुमचे कान वाजत असोत वा नसोत. ब्रेकर चालवणाऱ्या कामगाराला आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या इंजिनियरला ते मिळालेच पाहिजेत. माझं भांडण बोळ्यांशी नाही. मॉलमध्ये, मेट्रोत, जेवणाच्या टेबलावर, झोपताना बोळे घालण्याशी आहे. आवाज धोक्याचा आहे की फक्त नकोसा, हे आधी ठरवा आणि मग कानाला हात लावा.

मग उचल आली की करायचं काय? पहिली गोष्ट, ती नेहमीचीच उचल आहे याची खात्री करा. एका कानाचं ऐकणं अचानक कमी झालं, नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज येऊ लागला, गरगरू लागलं, चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटली, किंवा एकाच कानात नव्यानं आवाज सुरू झाला, तर हे वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा. अचानक गेलेल्या श्रवणाच्या बाबतीत उपचाराला दिवसांचा उशीरही महागात पडतो.

तसं काही नसेल तर दिनक्रम मोडू नका. काम थोडं हलकं करा, पण शून्यावर आणू नका. पार्टीला नाही जमलं तर दोन मित्रांना घरी बोलवा. बुलेव्हार्डवर नाही जमलं तर मरिनाच्या कडेनं चक्कर मारा. खोली निःशब्द ठेवू नका. टेबलफॅन लावा, ब्लोअर चालू ठेवा, पावसाचा किंवा लाटांचा आवाज मोबाइलवर हळू लावा. तो कानातल्या आवाजाला बुडवण्याइतका मोठा नको, त्याच्या जरा खाली असू द्या, म्हणजे मेंदूला दोन्ही ऐकू येतील आणि त्यातला एक महत्त्वाचा नाही हे कळेल. कान चाचपून पाहू नका: बोटं घालून, शांत बाथरूममध्ये उभं राहून, मोबाइलवरच्या डेसिबल मीटरकडे टक लावून. झोपायची वेळ पाळा, झोप आली नाही तरी. आणि मध्यरात्री इंटरनेटवर इतरांच्या वाईटात वाईट कहाण्या वाचत बसू नका. बरे झालेले लोक त्या वेळी झोपलेले असतात.

निराशा फार खोल गेली, जगणं नको वाटू लागलं, तर ते कानाचं दुखणं म्हणून लपवू नका. कतारमध्ये मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १६००० या क्रमांकावर आहे, भारतात टेलिमानस १४४१६ वर. फोन करायला लाजायचं कारण नाही.

घरच्यांना एवढंच सांगायचं आहे: स्टीलची ताटं माळ्यावरून खाली काढा. मुद्दाम आपटू नका, पण चोरून जेवूही नका. कुकर लावण्याआधी सांगून लावा. मुलीला मोठ्यानं पाढे म्हणू द्या. आजारी माणसाला घरात नेहमीचे आवाज ऐकू येणं, हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे.

आणि आखातातल्या आपल्या मराठी मंडळांना एक मागणी. इथे गणपतीची मिरवणूक रस्त्यावर निघत नाही, ढोल-ताशा सभागृहात वाजतो. बंद भिंतींमध्ये तो दुप्पट आदळतो आणि पहिल्या रांगेत लहान मुलं असतात. ढोल बंद करा असं मी म्हणत नाही. वाजवायची वेळ आधी जाहीर करा, दाराशी फोमच्या बोळ्यांचं खोकं ठेवा, पहिली रांग मागे घ्या आणि ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी बाजूची एक खोली उघडी ठेवा, आरती ऐकू येईल अशी. एवढं केलं तर कान वाजणारा माणूस घरी बसणार नाही.

उचल पुन्हा येईल, मलाही येईल. तेव्हा आमच्यासाठी तिकीट काढू नका. टेबलफॅन लावा, जेवायला वाढा आणि मागच्या वेळेपेक्षा या वेळी काय काय चालू राहिलं, ते विचारा.